अठ्ठाविसावी चूल

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि खगेश्वरी कोच त्या दिवसाच्या तिसऱ्या अंगणात उभी होती. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद, कमरेला खोचलेलं पेन, पायात रबरी चपला. समोर धरणीधर कोच बैलाच्या मानेवरच्या गोचिडी काढत होता. त्यानं मान वर केली नाही.

"बस की वहिनी. सुपारी देऊ?"

"सुपारी नको. बुधवारी समितीचा माणूस फॉर्म घेऊन येणार. घरात कोणती बोली बोलता, असं विचारणार. तू काय सांगणार?"

"खरं ते सांगणार. पोरं बंगाली बोलतात, सून असमिया बोलते आणि टीव्ही हिंदी बोलतो."

"आणि तू?"

"मला घरात बोलू कोण देतं?"

धान पाखडणारी त्याची बायको हसली. खगेश्वरी हसली नाही.

"बैलांशी काय बोलतोस?"

"बैलांशी वानांगच. दुसरं काय कळतंय त्यांना?"

"बैल कुठे बांधतोस?"

"हे काय, घराला लागून."

"मग घरात वानांग बोलली जाते. तसंच सांग."

धरणीधरनं गोचीड दगडावर चिरडली, हात धोतराला पुसला आणि म्हणाला, "सांगतो. पण त्या माणसानं बैलाची सही मागितली तर तू ये."

खगेश्वरीनं कागद उलगडला, त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि कागद पुन्हा पिशवीत घातला. सव्वीस झाल्या होत्या. दोन राहिल्या होत्या.

बोरोखाल हे गाव गारो टेकड्या जिथे संपतात आणि भातखाचरं सुरू होतात तिथे आहे. ओढ्याच्या पलीकडे तीन किलोमीटरवर चेंगाबिल. दोन्ही गावांतले बहुतेक लोक कोच जमातीचे, आणि कागदावर सगळ्यांचं आडनावही कोचच. पण कोच म्हणजे आठ-नऊ गट. वानांग, हरिगाया, तिनतेकिया, मार्गान, छापरा असे. काही गटांनी आपली बोली कधीच सोडून दिली आणि ते आता शेजाऱ्यांसारखं बोलतात. ज्यांनी ठेवली त्यांची प्रत्येकाची वेगळी. बोरोखाल वानांग, चेंगाबिल हरिगाया. बाजारात एकमेकांना भेटले की दोन्हीकडचे लोक सरळ बंगाली-असमियाच्या मिसळीत बोलायला लागतात, कारण तसं केलं की कुणीच कुणाला हसत नाही.

डिसेंबरात भाषा समितीनं कळवलं होतं की या भागात मुलांसाठी कोच बोलीचं एक केंद्र सुरू होईल. छापलेली पुस्तकं, फळा, एक शिक्षिका, तिला मानधन. केंद्र एकच. ज्या बोलीच्या चुली जास्त, तिचं. समिती माणसं मोजत नव्हती, घरं मोजत नव्हती, चुली मोजत होती. एका छपराखाली दोन सुना वेगळं शिजवत असतील तर दोन चुली. प्रत्येक चुलीमागे एक सही.

चेंगाबिलच्या हरिगाया चुली सत्तावीस होत्या. हे सगळ्यांना माहीत होतं, कारण चेंगाबिलच्या लोकांनी ते बाजारात सांगून टाकलं होतं. बोरोखालच्या वानांग चुली अठ्ठावीस होत्या. पण त्यातल्या निम्म्या घरांत वानांग फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरलेली. तिथे जाऊन, बसून, भांडून, माणसाला त्याच्याच बोलीचं नाव फॉर्मवर सांगायला लावायचं हे काम खगेश्वरीनं अंगावर घेतलं होतं. एक चूल जरी हलली तरी केंद्र ओढ्यापलीकडे जाणार होतं, आणि पुस्तकं हरिगायात येणार होती.

खगेश्वरीचं वय एकसष्ट. चौथीपर्यंत शिकली, असमिया शाळेत. तिथल्या मास्तरांनी वर्गात कोच शब्द बोलल्याबद्दल तिला दोन वेळा बाहेर उभं केलं होतं; ती हे तक्रार म्हणून सांगत नाही, तारखेसारखं सांगते. सतराव्या वर्षी लग्न झालं. आमच्याकडे जुन्या रीतीनं नवरा बायकोच्या घरी राहायला येतो आणि मुलांना कूळ मिळतं ते आईचं. ही रीत आता निम्म्या घरांत मोडली आहे. खगेश्वरीच्या घरात मोडलेली नाही. तिचा नवरा राजेन तिच्या आईच्या घरी आला, तिथेच राबला, नऊ वर्षांपूर्वी तिथेच वारला. दोन मुलगे गुवाहाटीला बांधकामावर आहेत, आपापल्या बायकांच्या माहेरी घरजावई होऊन सुखात आहेत, असं ती म्हणते. घरात राहिली मुलगी, अनिमा.

मुलांचा वर्ग खगेश्वरीनं सहा वर्षांपूर्वी काढला. त्या वर्षी गावचा जुना पुजारी गेला. नवा आला तो तरुण, पाठांतर चांगलं. देवाच्या पूजेत पुजारी वानांगमध्ये विचारतो आणि घरातल्या बाईनं उत्तर द्यायचं असतं. त्यानं विचारलं. त्या अंगणात अकरा बायका होत्या, आणि उत्तर एकट्या खगेश्वरीला आलं. ती घरी आली आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या हेडमास्तरांकडे जाऊन पोषण आहाराची जुनी शेड मागितली. सकाळी साडेसहा ते साडेसात, शाळा भरण्याआधी. फी नाही. पुस्तक नाही. धडे तिच्या डोक्यात आणि सहा वह्यांत: आधी अंगाचे शब्द, मग चुलीजवळचे, मग मागाचे, मग ओढ्याचे. एकट्या ओढ्याच्या धड्यात मासे धरायच्या बांबूच्या सापळ्यांची सात नावं आहेत, आणि मुलांना ती सातही सापळा हातात देऊन शिकवली जातात. चौदा मुलं येत होती.

शिकवण्यात ती कडक आहे. चुकीचा शब्द तिला दाताखाली खडा आल्यासारखा लागतो. मुलांवर ती ओरडत नाही, पण मोठ्यांना सोडत नाही. अनिमा बारावी पास आहे. पहिल्या वर्षी ती आईच्या मदतीला शेडमध्ये बसायची. एक दिवस तिनं मुलांना गोष्ट सांगितली. तिची वानांग बाजारातली, अर्धी इकडची अर्धी तिकडची. खगेश्वरीनं मुलांसमोर तिला थांबवलं. "तू हजेरी घे," ती म्हणाली, "बोलायचं काम माझ्याकडे राहू दे. तुझ्या तोंडून ऐकलं तर ही पोरं बाजारात भाजी विकायला तयार होतील." मुलं खदाखदा हसली. अनिमानं हजेरी घेतली. महिन्याभरात तिनं यायचं बंद केलं, आणि त्यावर घरात कुणी काही बोललं नाही.

अनिमाचा नवरा प्रफुल्ल मूळचा चेंगाबिलचा, हरिगाया. गटाबाहेर लग्न म्हणून तेव्हा थोडी कुरबूर झाली होती. खगेश्वरीनंच ती मिटवली. पोरगा कामाचा आहे, सुपारीच्या झाडावर वानरासारखा चढतो, आणि इथे राहायला तयार आहे, एवढं तिला पुरे होतं. आठ वर्षांत तो वानांग शिकला, सासूला हसू येईल इतपत. त्यांची मुलगी रिम्पी सात वर्षांची, आजीच्या वर्गात सगळ्यात पुढे बसणारी. दोन वर्षांपूर्वी अनिमानं अंगणाच्या पलीकडच्या टोकाला वेगळं स्वयंपाकघर बांधलं. आईच्या घरात धूर फार होतो, हे कारण खरं होतं.

लेकीची नवी चूल आमच्याकडे आईच्या चुलीतल्या निखाऱ्यानं पेटवतात, आणि पुढेही रोज सकाळी तिथूनच विस्तव नेतात. त्यामुळे जागा दोन असल्या तरी चूल एकच मानली जाते. पाहुणा आईकडे जेवला तर तो लेकीकडेही जेवला. सुतक एक. देवाचा प्रसाद एक. म्हणून खगेश्वरीनं यादी करायला घेतली तेव्हा पहिल्या ओळीवर स्वतःची चूल लिहिली, दुसरीवर अनिमाची, आणि दोन्हींपुढे तेव्हाच खूण केली. नंतर ती तीन आठवडे गावभर फिरली, कुणाच्या अंगणात दोनदा, कुणाच्या चारदा. स्वतःच्या अंगणाच्या पलीकडच्या टोकाला गेली नाही. आपल्याच घरात जाऊन आपल्यालाच कुणी विचारत नाही.

धरणीधरनंतरच्या दोन चुलीही तिनं मिळवल्या. सत्ताविसावी दोन भावांच्या भांडणात अडकलेली होती. तिथे ती दोन तास बसून राहिली, शेवटी भाऊ तिच्या बसण्यालाच कंटाळले. अठ्ठाविसावी रोहिणीची. रोहिणी माग विणणारी, खगेश्वरीची बालमैत्रीण, पण सुनेला घाबरणारी.

"सून म्हणते असमिया लिहा, पोराला नोकरीला बरं पडतं," रोहिणी म्हणाली.

"फॉर्म चुलीचा आहे. तुझ्या घरी चूल कोण फुंकतं?"

"मीच. ती गॅसवर करते."

"मग गॅसला असमिया लिहू दे. चूल तुझी."

बुधवारी समितीचा माणूस आला. भवेश नावाचा तरुण, खांद्यावर बॅग, उन्हात लाल झालेला. तो घरोघर गेला तेव्हा खगेश्वरी वर्गावर होती. दुपारी तिच्याकडे येऊन त्यानं तिची सही घेतली, लाल चहा प्यायला, आणि पलीकडच्या टोकाकडे बोट करून म्हणाला, "तिथलं झालंय मावशी, सकाळीच."

"झालं असणारच," ती म्हणाली, आणि त्याला केळीच्या पानात बांधून सुकट दिली.

रविवारी अकरा वाजता शाळेच्या व्हरांड्यात यादी वाचली गेली. दोन्ही गावांची माणसं होती. बोरोखालची डाव्या बाजूला, चेंगाबिलची उजव्या, कुणी सांगितलं नसताना. समितीचे सचिव नृपेंद्र कोच लांबून आलेले, गटानं तिनतेकिया, म्हणूनच दोन्ही गावांना चालणारे. त्यांनी आधी पाणी मागितलं, मग चष्मा पुसला, मग वानांगची यादी घेतली. नाव वाचलं की त्या चुलीच्या माणसानं "आहे" म्हणायचं.

"खगेश्वरी कोच."

"आहे."

त्यापुढचं नाव त्यांनी रोहिणीचं वाचलं. खगेश्वरीनं आपल्या कागदावर पेन टेकवलं होतं ते तसंच राहिलं. यादीचा क्रम वेगळा असेल, असं तिला वाटलं. धरणीधरचं नाव आलं. "आहे," तो ओरडला, "बैलांसकट आहे." लोक हसले. भावांचं आलं. नृपेंद्र बाबूंनी शेवटचं नाव वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"सत्तावीस."

खगेश्वरी उभी राहिली. "एक गळलं, बाबू. माझ्या घरातली दुसरी चूल."

त्यांनी कागद चाळले. "दुसरी चूल आहे मावशी. गळलेली नाही."

"मग वाचा."

"ती हरिगायाच्या यादीत आहे."

आधी डाव्या बाजूचे लोक हसले. बिचाऱ्या भवेशची चूक, उन्हातान्हात फिरून पोरगं चुकलं, असं कुणीतरी म्हणालं. खगेश्वरीही तेच म्हणाली. "पोराचा गोंधळ झाला असेल. जावई तिकडचा, त्यावरून त्यानं लिहिलं असेल. दुरुस्त करा."

नृपेंद्र बाबूंनी तो फॉर्म वेगळा काढून तिच्यासमोर धरला. चूल क्रमांक दोन. घरातली बोली: हरिगाया. खाली सही अनिमाची, शाळेत असताना बसवलेली, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली. खगेश्वरीनं ती अनिमाच्या प्रगतिपुस्तकावर पाहिली होती.

"अनिमाबाई आहेत का इथे?" नृपेंद्र बाबूंनी विचारलं. "चूक असेल तर आत्ता सांगा. माझ्यासमोर खोडता येईल. नंतर येणार नाही."

अनिमा मागच्या खांबाजवळ रिम्पीचा हात धरून उभी होती. ना डावीकडे ना उजवीकडे. तिनं आईकडे बघितलं नाही.

"चूक नाही," ती म्हणाली.

मग हरिगायाची यादी वाचली गेली. अठ्ठावीस. चेंगाबिलच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढी जाण त्यांनी ठेवली. केंद्र चेंगाबिलला जाईल, उद्याचा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी सुरू होईल, असं नृपेंद्र बाबूंनी सांगितलं. शिक्षिकेचं नावही चेंगाबिलच्या पंचांनी दिलं होतं आणि समितीनं मान्य केलं होतं. अनिमा कोच, बारावी पास.

उठता उठता धरणीधर खगेश्वरीजवळून गेला. "काय वहिनी," तो म्हणाला, "माझे बैल वानांग निघाले आणि तुझी लेक हरिगाया." त्याच्या बायकोनं त्याच्या पाठीत कोपर मारलं. खगेश्वरीनं कागदाची घडी केली, पिशवीत घातली, पेन कमरेला खोचलं आणि चालायला लागली.

घर शाळेपासून सातशे पावलांवर आहे. ती आणि अनिमा त्या सातशे पावलांत एका ओळीत चालल्या, मधे रिम्पी. प्रफुल्ल घरीच होता. तो शाळेत आला नव्हता. त्या अंगणात शिरल्या तेव्हा तो सुपारी सोलायच्या सुरीला धार लावत होता. सासूला पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"मी सांगितलं नव्हतं तिला, आई," तो म्हणाला. "देवाशपथ. मी उलट नको म्हणत होतो."

"तुला कुणी विचारलं?" खगेश्वरी म्हणाली. "तू तुझं गाव सोडून इथे आलास. तू शब्द फिरवला नाहीस. आत जा."

तो आत गेला. रिम्पीला त्यानं बरोबर नेलं.

"कधीपासून?" खगेश्वरीनं विचारलं.

"कधीपासून काय?"

"मला खुळ्यात काढू नकोस. पंचांनी नाव एका दिवसात दिलं?"

"पौषात," अनिमा म्हणाली. "बाजारात भेटले होते ते. म्हणाले, केंद्र आमच्याकडे आलं तर शिक्षिका आमच्याकडे नाही. बारावी पास कुणी नाही. तू येशील का?"

"आणि तू म्हणालीस येते."

"मी म्हणाले विचार करते. मग केला."

"मी तीन आठवडे दारोदार फिरत होते. तू बघत होतीस. रोज सकाळी माझ्या चुलीतून विस्तव नेत होतीस. एक दिवस म्हणायचं होतंस, आई, बस कर, पाय झिजवू नकोस."

"म्हणाले असते तर तू माझ्या दारात येऊन बसली असतीस. त्या भावांसारखी. मी कंटाळून सही दिली असती."

ते खरं होतं.

"केंद्र इथे आलं असतं," खगेश्वरी म्हणाली, "तर शिक्षिका कोण झालं असतं? मी चौथी. मला कुणी नेमलं असतं? तुलाच नेमलं असतं."

"मला? आणि तू मागे बसली असतीस, दर शब्दाला. तुझ्या वर्गात मी हजेरीच घेतली असती, आई. साठीला येईपर्यंत."

"म्हणून दुसऱ्याच्या बोलीत शिकवणार. ती तरी येते का तुला?"

"घरात आठ वर्षं ऐकतेय. चुकते. ते हसत नाहीत. दुरुस्त करतात आणि पुढे जातात."

खगेश्वरी मागाजवळच्या पाटावर बसली. मागावर अर्धं वस्त्र होतं, लाल काठाचं. तिला एक गोष्ट आठवली, आणि ती तिनं विचारली, कारण विचारल्याशिवाय तिला राहवेना.

"माघाच्या सुरुवातीला तू माझ्या वह्या मागितल्यास. सहाच्या सहा. म्हणालीस, बघायच्या आहेत. शेजारी बसून विचारलंस, अंगाचे शब्द आधी का घेतेस, सापळे हातात का देतेस. दोन संध्याकाळी."

अनिमानं मागावरचा एक सुटलेला धागा आत खोचला.

"मी रोहिणीला सांगितलं होतं. म्हटलं, पोरगी परत आली माझ्याकडे. सहा वर्षांनी आली. वेड्यासारखी सांगत सुटले होते गं मी."

"फोटो काढले," अनिमा म्हणाली. "धडे कसे लावायचे ते मला येत नव्हतं. शब्द त्यांचे घालीन. क्रम तुझा आहे."

"मागितलं असतंस तर दिला असता."

"चेंगाबिलसाठी? दिला असतास?"

खगेश्वरीनं खरं उत्तर दिलं. "नाही."

"मग."

पलीकडच्या स्वयंपाकघरातून भात उतू गेल्याचा वास आला. अनिमा तिकडे जायला वळली आणि थांबली.

"रिम्पीला मी बरोबर नेणार," ती म्हणाली. "सकाळी इथे तिला कोण बघणार? तिथे वर्गातच बसेल."

"तिचं कूळ कुणाचं?"

"तुझं. माझं. ते कुठे जातंय?"

"आणि बोलेल कुणाचं?"

"माझ्याशी बोलेल ते बोलेल," अनिमा म्हणाली आणि गेली.

सोमवारी सकाळी पावणेपाचला, नेहमीप्रमाणे, रिम्पी हातात करवंटी घेऊन विस्तव न्यायला आली. आजीची चूल पेटलेली होती. खगेश्वरीनं निखाऱ्यांवर राख ओढली, फळीवरची काडेपेटी घेतली आणि करवंटीत ठेवली. "आईला दे," ती म्हणाली. रिम्पीनं काडेपेटी हलवून बघितली, आत काड्या आहेत का ते. होत्या. ती पळत गेली. पलीकडे बराच वेळ काही आवाज झाला नाही. मग काडी ओढल्याचा झाला. त्या दिवसापासून बोरोखालात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, आणि दुपारी तळ्यावर बायका तिच्यावरून दोन गट करून बोलतात. काहींच्या मते म्हातारीनं बरोबर केलं. रोहिणीच्या मते तिनं विस्तव द्यायचा आणि बोलायचं बंद करायचं. विस्तव बंद करून बोलणं चालू ठेवण्यात काय अर्थ.

कारण बोलणं चालू आहे. दोघी एका अंगणात राहतात. पाऊस आला तर एकमेकींचे कपडे काढतात. मंगळवारी प्रफुल्लनं डुकराचं मटण आणलं आणि अर्धं सासूकडे पाठवलं. तिनं ते ठेवून घेतलं, केळीच्या राखेच्या पाण्यात शिजवलं, आणि वाटी धुऊन परत पाठवली. रिकामी. आमच्याकडे वाटी रिकामी पाठवत नाहीत.

त्याच आठवड्यात हेडमास्तर घरी आले. सभ्य माणूस आहे. आधी राजेनच्या आठवणी काढल्या, मग बागेतल्या काजूच्या मोहोराचं कौतुक केलं. खगेश्वरीनं त्यांचं काम सोपं केलं.

"किल्ली हवी ना शेडची?"

"वरून विचारणा झाली. केंद्र चेंगाबिलला मंजूर, मग इथे काय चालतं म्हणून. मला कागदावर काय दाखवू? शेड आता धान्याच्या पोत्यांना लागणार आहे."

"सहा वर्षं पोती कुठे होती?"

हेडमास्तर हसले नाहीत. तिनं किल्ली दिली. चटया, फळीचा फळा आणि सातही सापळे तिनं दोन खेपांत घरी आणले, आणि मागाच्या बाजूच्या पडवीत जागा केली. माग भिंतीकडे सरकवावा लागला. आता ती बसून विणते तेव्हा डावा खांदा भिंतीला लागतो.

चौदापैकी किती मुलं पडवीत येतील, यावर गावात अंदाज चालले होते. गुरुवारी, म्हणजे आज, आठ आली. दोघांना सर्दी होती. तिघांच्या आयांनी सांगितलं की चेंगाबिलला चित्रांची पुस्तकं मिळणार आहेत, आणि बिस्किटं, तेव्हा बघू. चौदावी रिम्पी. ती पडवीच्या पायरीपर्यंत आली, सवयीनं, पुढच्या चटईकडे गेली, आणि अनिमानं पलीकडून हाक मारली. हाक हरिगायात होती. सराव म्हणून अनिमा आता घरात तीच बोलते. रिम्पीनं आजीकडे बघितलं. खगेश्वरी फळ्यावर लिहीत होती, तिनं मागे वळून पाहिलं नाही, लिहितच राहिली. रिम्पी उतरून गेली. आठ मुलांनी आज गुडघा, घोटा, टाच आणि तळपाय शिकले, आणि त्यातल्या एकानं टाचेला बाजारातला शब्द वापरला. खगेश्वरीनं त्याच्याकडे बघितलं. मुलानं मान खाली घातली. तिनं बरोबर शब्द दोनदा म्हटला आणि पुढे गेली.

केंद्राचं उद्घाटन सोमवारी आहे, पण चेंगाबिलच्या पंचांनी मुलांची सवय व्हावी म्हणून उद्यापासूनच वर्ग बसवायचं ठरवलं आहे. वेळ सकाळी सात. बोरोखालच्या तिठ्यावरून तिकडे जाणारी पहिली गाडी सहा दहाला सुटते. शुक्रवारी तिच्यात बाजाराची गर्दी नसते, आणि पुढच्या बाकावरच्या दोन जागा ड्रायव्हरनं अनिमा आणि रिम्पीसाठी धरून ठेवल्या आहेत.